गेल्या सालचा भाव, यंदाचा प्रवेश

वाचकहो, जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जालन्याच्या बाजारात सहज उभे राहून पाहावे. एकीकडे बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी असते. कोणी कापसाची पाकिटे मोजून घेतो, कोणी सोयाबीनच्या बॅगा रिक्षात चढवतो. त्याच दिवसांत कॉलेजच्या कचेरीपुढेही रांग लागलेली असते. गंमत अशी, की पुष्कळदा या दोन्ही रांगांत माणूस एकच असतो. सकाळच्या एस.टी.ने भोकरदनहून किंवा मंठ्याहून यायचे, मुलाचा प्रवेश करायचा, बियाणे घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. खिशात उसनवारीचे पैसे, पिशवीत सातबारा, गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला.

असेच एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी मला कचेरीच्या पायरीवर भेटले. मुलगा बारावी झालेला, जरा मागे उभा. गृहस्थांनी विचारले, "सर, यंदा कशाला भाव आहे?"

मी म्हणालो, "कापसाचं म्हणता का? अजून काही खरं नाही."

"नाही हो," ते म्हणाले, "कोर्सचं विचारतोय."

मी तेव्हा हसलो. घरी जाताना मात्र मनात आले, की अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांत जे पानेच्या पाने लिहिलेले आहे, ते या माणसाने चार शब्दांत विचारले. आणि त्या प्रश्नात जी चूक होती, तीदेखील आपण सगळेच करतो. भाव पाहायचा असतो माल बाजारात येईल त्या दिवसाचा. आपण पाहतो पेरणीच्या दिवसाचा. कापसाच्या बाबतीत हे अंतर सहा-सात महिन्यांचे असते. पदवीच्या बाबतीत ते तीन, चार, कधी सहा वर्षांचे होते, आणि एवढ्या काळात तेजीची मंदी व्हायला भरपूर सवड मिळते.

कापूस आणि विद्यापीठ यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या तेजीतच, १८६४ साली, प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, स्वतः प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. मनोरा पुरा व्हायला मात्र १८७८ साल उजाडले. राजाबाई टॉवर म्हणून तो आजही उभा आहे. तेव्हाच्या पदवीधराला या मंदीची धग फारशी लागली नसावी, कारण पदवीधर होते तरी किती! रानडे आणि भांडारकर १८६२ सालच्या पहिल्या तुकडीतले. अशा माणसाला सरकारी खाते शोधत येई.

आपल्या मराठवाड्यात हा काळ शंभर वर्षे उशिरा आला. निजामी राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले खरे, पण ते दूर हैदराबादेस आणि शिक्षण उर्दूतून. १९४८ साली राज्य मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ आले. म्हणजे आपल्याकडे पदवी ही वस्तूच अवघी तीन पिढ्यांची. त्यातली पहिली पिढी भाग्यवान. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, गावोगाव शाळा निघाल्या, ग्रामसेवक हवे, शिक्षक हवे, कारकून हवे. मॅट्रिक झालेल्यालाही माणूस पाठवून बोलावीत असत, असे आमच्या गावचे म्हातारे सांगत. त्या काळी आपल्या भाषेत एक समीकरण बसले, शिक्षण म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे सरकारी. ते समीकरण एका विशिष्ट तेजीचे होते आणि ती तेजी बाजाराची नव्हती, नव्या राज्यकारभाराची होती. पण तेजी असताना तिला कोणी तेजी म्हणत नाही, तिला लोक जगाची रीत समजतात.

ती रीत मोडायला फार वर्षे लागली नाहीत. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात पाऊस हुकला, १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, सरकारने कारखानदारीवरचा खर्च आखडला. १९६७-६८ च्या सुमारास भारतात प्रथमच इंजिनिअर बेकार फिरू लागले. ज्यांना आदल्या योजनेत 'देशाला तुमची गरज आहे' असे सांगून बोलावले होते, तीच ही मुले. मग सरकारने काय केले? इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या जागा कमी केल्या. मंदीत जागा कमी केल्या म्हणजे चार वर्षांनी, मागणी परत आली तर, माणसे कमी पडणार! पुढे रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने आपल्या देशातल्या इंजिनिअरांच्या बाबतीत हेच हेलकावे दाखवून दिले. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. भाव चढला की सगळे पेरतात, माल आला की भाव पडतो, भाव पडला की कोणी पेरत नाही, मग पुन्हा भाव चढतो. कांदा लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता १९७२ कडे येऊ. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता, वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आधीची दोन वर्षे ओढीची गेली होती आणि त्या साली पावसाने पुरतीच पाठ फिरवली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, बंडिंग, पाझर तलाव, रस्ते. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक अजून आपल्यात आहेत. या कामांवर एक नवा माणूस दिसू लागला, तो हजेरी मांडणारा. शिकलेला पोरगा, हातात मस्टर. बाप खडी फोडतोय आणि पोरगा हजेरी घेतोय, असे दृश्य त्या वर्षांत नवे नव्हते. दुष्काळाने शेतकऱ्याला मजूर केले आणि मजुराच्या लेकाला तात्पुरता कारकून. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेवर हजेरी सहायक म्हणून लागलेली माणसे कायम होण्यासाठी पुढे कित्येक वर्षे झगडत राहिली.

त्या दुष्काळातून बाहेर पडताच १९७४ साली मराठवाड्यातले विद्यार्थी रस्त्यावर आले. विकास आंदोलन म्हणून ते ओळखले जाते. वसमतला गोळीबार झाला. रेल्वेचा रुंद मार्ग, उद्योग, आणि नोकऱ्यांत इथल्या मुलांना जागा, अशा त्या मागण्या. साल ध्यानात घ्या. १९५८ चे विद्यापीठ, त्यानंतर निघालेली कॉलेजे, त्यांतून बाहेर पडलेली पहिली मोठी तुकडी आणि तिच्या तोंडावर आलेला दुष्काळ. पोरे उगाच पेटली नव्हती.

मंदी आली म्हणजे मुले कॉलेज सोडतात की कॉलेजात येतात, असे मला शिक्षक मित्र विचारतात. विलायत-अमेरिकेत सर्वसाधारण अनुभव असा, की मंदीत कॉलेजे भरतात. बाहेर काम नाही, मग निदान शिकू तरी. आमच्याकडे दोन्ही होते. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याभोवती लहानमोठे कारखाने उभे राहिले. तिथे कंत्राटी काम निघाले, की माझ्या बी.ए.च्या वर्गातले मागचे बाक रिकामे होतात. पोरांची नावे पटावर, पाय कारखान्यात. तिथले काम आटले, की तीच पोरे परत येऊन बसतात आणि "सर, मागचं काय काय झालं?" म्हणून विचारतात. ही झाली कारखान्याची मंदी.

दुष्काळाची मंदी निराळी. ती वर्ग भरत नाही, ती घरातून एकेक माणूस वजा करते. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. जालना त्यात सर्वांत जास्त होरपळला. मोसंबीच्या बागा, ज्या लावायला आणि वाढवायला सहा-सात वर्षे जातात, त्या लोकांनी डोळ्यांदेखत वाळू दिल्या आणि मग कुऱ्हाड चालवली. अशा वर्षी गावची पैसेवारी, आपण जिला आणेवारी म्हणतो, ती ५० पैशांच्या आत आली की सरकार परीक्षा शुल्क माफ करते. चांगली गोष्ट आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण शिक्षणाच्या खर्चात परीक्षा शुल्क हा केवढासा भाग? खरा खर्च खोलीचे भाडे, मेस, पुस्तके, जाणे-येणे यांचा. तो माफ कोण करणार? त्या वर्षी माझ्या पाहण्यात असे आले, की शहरात राहून शिकणाऱ्या बहीण-भावांपैकी आधी बहीण परत बोलावली गेली. पुष्कळ ठिकाणी तिचे शिक्षण बंद झाले असे कागदावर दिसतच नाही. ती जवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालते, विज्ञान सुटते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न होते. २०२४ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. पुढच्या दुष्काळात तिचा काय गुण येतो ते पाहायचे. मेसचा डबा तिच्यात येत नाही.

आता मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. माझे दोन चुलतभाऊ आहेत, सख्खे भाऊ, वयात बारा वर्षांचे अंतर. थोरला बारावीनंतर डी.एड.ला गेला आणि १९९९ साली पास झाला. गुण बेताचेच. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे ठरावीक मानधन, प्राथमिकला महिना ३००० रुपये, आणि मग कायम. लोक या योजनेला शिव्या देत, पण नोकरी मिळे. थोरला २००१ साली लागला, २००४ साली कायम झाला, त्याच वर्षी लग्न झाले. घरावर स्लॅब पडला.

हा स्लॅब गावाने पाहिला, वाचकहो! असे स्लॅब गावोगाव पडले. मग प्रत्येक बापाला वाटू लागले, की आपल्या पोराने डी.एड. करावे. मागणी पाहून डी.एड.ची कॉलेजे निघाली, एकेका तालुक्यात अनेक. ज्यांना सरकारी जागा मिळाली नाही त्यांनी खाजगीत पैसे भरले, आणि नोकरीसाठी संस्थांना निराळे. नावे घेण्यात अर्थ नाही. कोणी दोन एकर विकले, कोणी बायकोचे दागिने मोडले. भाव पाहून पेरा वाढला.

धाकटा या पेऱ्यातला. थोरल्याहून हुशार, गुणपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या तर कोणीही सांगेल. तो २०११ साली डी.एड. झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली, पटावरची खोटी नावे उघडी पडली आणि शिक्षक अतिरिक्त ठरू लागले. शिवाय खेड्यांतून मुलांची संख्याच घटत चाललेली. सहाव्या वेतन आयोगाचा भार तिजोरीवर पडून दोन-तीन वर्षे झाली होती. २०१२ च्या मे महिन्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. २०१३ च्या डिसेंबरात पात्रता परीक्षा सुरू झाली, म्हणजे पदविकेवर आणखी एक पदविकेएवढा अडसर. नव्या परीक्षेची आणि पवित्र पोर्टलची वाट पाहता पाहता २०१७ उजाडले. तोवर डी.एड.ची कॉलेजे ओस पडू लागली होती, काही तर बंदच झाली.

धाकट्याने काय केले? दोन वर्षे अभ्यास, दोन वर्षे विनाअनुदानित शाळेत जवळजवळ फुकट काम, मग शेती, आणि आता बियाणे विकणाऱ्याकडे फिरतीची नोकरी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली तेव्हापासून बियाण्याचा धंदा हा आमच्या जिल्ह्याचा एक मोठा आधार आहे. मोटारसायकलवर गावोगाव जाऊन धाकटा शेतकऱ्यांना वाण समजावून सांगतो, आणि मास्तर होणार होता म्हणूनच की काय, फार चांगले सांगतो. पण घरात आणि भावकीत त्याचा उल्लेख कसा होतो? थोरला 'हुशार निघाला', धाकट्याचे 'नशीब खोटे'. लग्नाच्या बैठकीत तर विचारूच नका. दोघांची पदविका एक, घर एक, कष्ट सारखे. फरक बारा वर्षांचा. थोरला चढत्या भावात बाजारात गेला, धाकटा पडत्या. यात थोरल्याची हुशारी नाही आणि धाकट्याचा दोष नाही, हे मी चुलत्यांना दहा वेळा सांगितले. त्यांना ते पटत नाही.

कॅनडात काही अर्थशास्त्रज्ञांनी पदवीधरांच्या अनेक तुकड्यांची मिळकत वर्षानुवर्षे तपासली. मंदीच्या साली बाहेर पडलेल्यांची मिळकत आरंभीच सुमारे ९ टक्क्यांनी कमी निघाली, आणि ती उणीव भरून यायला जवळजवळ दहा वर्षे लागली. तिथे दहा वर्षांनी तरी भरून आली. आमच्याकडे सरकारी नोकरीला वयाची अट आहे. दहा वर्षांत वयच निघून जाते. १९६९ साली ब्लॉग, लेयर्ड आणि वुडहॉल या तिघांनी भारतातल्या सुशिक्षित बेकारीवर ग्रंथ लिहिला, त्यात आपल्याकडच्या 'थांबण्या'चा विचार आहे. पक्की नोकरी जन्मभर पुरते म्हणून घर वर्षानुवर्षे वाट पाहायला तयार होते, आणि हा निव्वळ वेडेपणा म्हणता येत नाही. पाटाचे पाणी येईल म्हणून वाफे करून बसलेल्या माणसाला वेडा कसे म्हणावे?

इंजिनिअरिंगचे थोडक्यात सांगतो, कारण कथा तीच. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. पुढे संगणकाच्या धंद्यात तेजी आली, जागा वाढतच गेल्या. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ही पेढी बुडाली आणि पुण्या-बंगलोरच्या नेमणुका लांबल्या. पण कॉलेजांच्या परवानग्या तेजीत मागितलेल्या, इमारती मंदीत पुऱ्या झाल्या. काही वर्षांतच राज्यात हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या.

आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांचे काय, असे कोणी विचारील. कारखाने मोठे आहेत, पण भट्टीवरचा मजूर बहुतेक परप्रांतीचा. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीत गावी पायी निघालेले जे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले, ते जालन्याच्याच कारखान्यात कामाला होते आणि मध्य प्रदेशातले होते. भट्टीपाशी त्यांची गरज होती. आमच्या बी.ए.वाल्याची तिथे गरज नाही आणि त्यालाही ती भट्टी नको आहे. म्हणून कारखान्याची तेजी झाली तरी आमच्या पदवीधराच्या घरी दिवाळी होतेच असे नाही. त्याची नजर अजून १९६२ च्या समीकरणावर. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि १० लाखांवर अर्ज आले. त्याच वर्षी आमच्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर माहीत झाले. त्या प्रश्नाच्या बाजू अनेक आहेत आणि मी इथे त्यांत शिरत नाही. पण तिथे बसलेल्या तरुणांच्या बोलण्यात फी, भरती आणि शेतीचा भाव हे तीन विषय एकत्र येत, ते उगाच नव्हे.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता. आमच्याकडे त्या साली पोरे मोठ्या फीच्या कोर्सांना गेली, खोल्या पुण्यात घेतल्या. पुढच्या हंगामात भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, आणि भाव उतरला. कोर्सची दुसऱ्या वर्षाची फी मात्र उतरली नाही.

कृषी खाते खरिपात दर आठवड्याला पेऱ्याचे आकडे काढते, कोणत्या पिकाखाली किती हेक्टर. शेतकरी तेवढ्यावरून पुष्कळ ओळखतो. कोणत्या अभ्यासक्रमात आज किती मुले बसली आहेत, हा पेऱ्याचा आकडा मात्र गावातल्या बापापर्यंत कोणी आणून देत नाही. त्याला दिसतो तो फक्त शेजाऱ्याचा स्लॅब. खेड्यातल्या शिक्षकांनी दहावी-बारावीच्या पालकसभेत गुणांबरोबर हाही आकडा फळ्यावर लिहून पाहावा. भरती किती निघाली ते वर्तमानपत्र सांगतेच, रांगेत आधीचे किती उभे आहेत ते कोणी सांगत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्यात शिक्षकांच्या २१,६७८ जागांची भरती जाहीर झाली. त्याच वर्षी थोरल्याचा मुलगा बारावी झाला. निकालानंतर आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. थोरला खुशीत होता. म्हणाला, "आता बंदी उठली. ह्याला डी.एड.ला घालतो. बघ, पुन्हा भाव आला."

धाकटा दिवसभराच्या फिरतीवरून नुकताच आला होता. मोटारसायकलला लावलेली पिशवी सोडता सोडता म्हणाला, "दादा, जागा एकवीस हजार, हे मीही वाचलं. माझ्यासारखे किती आहेत ते वाचलंस का?"

थोरला काही बोलला नाही. पोरगा एकदा बापाकडे बघे, एकदा काकाकडे. शेवटी वहिनींनी जेवायला हाक मारली. त्या रात्री फॉर्म भरला गेला नाही.